कक्षेत इंधन भरायचं म्हणजे नक्की कसं? लेकीच्या प्रश्नावरून धागा

पहाटेची_लोकल | २३ ऑगस्ट २०२५, रात्री १०:४०

आज राष्ट्रीय अंतराळ दिवस, चांद्रयान-३ उतरलं त्याला दोन वर्षं झाली. लेकीच्या शाळेत कार्यक्रम होता, ती आठवीत आहे. तिथे कोणीतरी सांगितलं की यापुढे चंद्रावर माणसं न्यायची तर यानात आधी पृथ्वीभोवती फिरता फिरता इंधन भरावं लागणार. येताना आमची रिक्षा सीएनजीच्या रांगेत लागली, नंबर आल्यावर नेहमीप्रमाणे आम्हाला खाली उतरवलं, आणि बाजूला उभी राहून ती नोझलकडे बघत मला विचारते, आई, तिकडे नळी कोण लावणार? आणि टाकी अर्धी भरलेली असेल तर आतलं द्रव तरंगत असणार ना, मग पंपाला ते सापडणार कसं?

मला उत्तर आलं नाही. मी बीएस्सी केमिस्ट्री, नोकरी बँकेत. घरी आल्यापासून वाचतेय आणि जेवढं कळलं तेवढं लिहिते, चुकलं तर सांगा, इथे बरीच जाणकार मंडळी आहेत.

एक म्हणजे हे काही नवीन स्वप्न नाहीये. १९७८ च्या जानेवारीत सोव्हिएत रशियाने प्रोग्रेस-१ नावाचं बिनमाणसाचं मालवाहू यान सोडलं, ते सॅल्यूत-६ अंतराळ स्थानकाला जाऊन जोडलं गेलं आणि फेब्रुवारीत त्याने स्थानकाच्या टाक्या भरल्या. तेव्हा स्थानकात रोमानेंको आणि ग्रेच्को हे दोघं राहत होते. म्हणजे सत्तेचाळीस वर्षं झाली! आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या रशियन भागाला आजही प्रोग्रेस यानंच इंधन देतात. चीननेही २०१७ मध्ये त्यांच्या थ्यानझौ-१ यानाने थ्यानगोंग-२ स्थानकाच्या टाक्या भरल्या.

मग अडलंय कुठे? मला समजलं ते असं की रशियन आणि चिनी स्थानकांना दिलेलं इंधन साध्या तापमानाला द्रव राहतं. चंद्रावर किंवा मंगळावर जड यान न्यायचं तर द्रव ऑक्सिजन, द्रव मिथेन, द्रव हायड्रोजन लागतात, उणे १८३, उणे १६१, उणे २५३ अंश. हे असलं गार द्रव एका मोठ्या यानातून दुसऱ्या यानात टनावारी ओतणं अजून कोणी केलेलं नाही.

पण तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. टाकीत द्रव सापडतं कसं?

---

खगोल_दादर | २३ ऑगस्ट, रात्री ११:२५

ताई, मुलीने थेट वर्मावर बोट ठेवलंय.

आपल्या बाटलीत पाणी खाली आणि हवा वर असते ती गुरुत्वाकर्षणामुळे. कक्षेत यान आणि त्यातलं द्रव दोघंही सारखेच पडत असतात त्यामुळे खाली असं काही उरतच नाही. मग राज्य येतं पृष्ठताणाचं. द्रव टाकीच्या भिंतींना चिकटून वर चढतं आणि मधोमध वायूचा मोठा फुगा राहतो, किंवा चार-पाच फुगे इकडेतिकडे. टाकीच्या तोंडाशी द्रव असेल की वायू हे नशिबावर, आणि इंजिनाला द्रवाऐवजी वायू गेला तर ते बिघडतं.

यावर तीन जुने उपाय आहेत. एक, टाकीत लवचीक पडदा घालायचा, एका बाजूला इंधन दुसऱ्या बाजूला नायट्रोजन, नायट्रोजनने पडदा दाबला की इंधनाला बाहेर येण्यावाचून गत्यंतर नाही. सॅल्यूतमध्ये हाच प्रकार होता. आधी कॉम्प्रेसर लावून स्थानकाच्या टाकीतला नायट्रोजन काढून घ्यायचे म्हणजे तिथलं प्रेशर उतरायचं, मग प्रोग्रेसच्या टाकीचं प्रेशर जास्त असल्याने इंधन आपसूक तिकडे जायचं. शेवटी नळ्या साफ करायच्या, कारण ते इंधन अत्यंत विषारी, सुटं करताना थेंबही उडालेला चालत नाही. दोन, टाकीच्या आत बारीक जाळ्या आणि पात्या बसवायच्या, दिव्याची वात तेल ओढते तसं द्रव त्यांच्यावरून तोंडापाशी येऊन थांबतं. बऱ्याच उपग्रहांत हेच असतं.

तीन, यानाला हलकासा धक्का द्यायचा. मोटरमनने ब्रेक मारला की सगळा डबा पुढच्या माणसावर रेलतो ना, तसं थ्रस्टर म्हणजे यानाचं छोटं इंजिन चालू ठेवलं की टाकीतलं सगळं द्रव एका टोकाला गोळा होतं. अगदी नाममात्र धक्का पुरतो. पण भरणं चालू असेतोवर तो देत राहावा लागतो, आणि त्यालाही थोडं इंधन जातंच.

रबराचा पडदा उणे १८३ ला काचेसारखा तडकतो. म्हणून गार इंधनासाठी पहिला उपाय बादच समजा, दुसरा-तिसरा मिळून काय ते करायचं. स्टारशिप हे महाकाय रॉकेट बनवणाऱ्या स्पेसएक्स कंपनीचा भर तिसऱ्यावर आहे. १४ मार्च २०२४ च्या तिसऱ्या उड्डाणात त्यांनी एकाच यानातल्या एका टाकीतून दुसऱ्या टाकीत द्रव ऑक्सिजन पाठवायचा प्रयोग केला होता. दोन यानं जोडून करणं बाकी आहे.

---

सतत_शंका | २४ ऑगस्ट, सकाळी ८:०५

वाचतोय, छान चाललंय. पण मला मुळातच पटत नाही. एवढी यातायात कशाला, एकच मोठं रॉकेट बनवा आणि थेट जा. अमेरिकेने १९६९ ला काय केलं? सॅटर्न-५ उडालं, माणसं चंद्रावर गेली, परत आली, वाटेत कुठे पंप लागला नाही. आता म्हणे एका चांद्रवारीसाठी दहा-पंधरा टँकर उडवायचे. ही प्रगती आहे का?

---

खगोल_दादर | २४ ऑगस्ट, सकाळी ९:५०

शंका रास्त आहे. पण सॅटर्न-५ चे आकडे बघा. उडताना वजन २,९०० टनांच्या वर, उंची १११ मीटर, आणि चंद्राकडे धाडलं किती, तर सुमारे ४५ टन. त्यातलं प्रत्यक्ष उतरणारं यान १५ टनांच्या आसपास, दोन माणसं आणि तीन दिवसांची शिदोरी. आणि ते अख्खं रॉकेट एकदाच वापरायचं.

कारण रॉकेटचं गणित सावकारी चक्रवाढीचं आहे. रशियाच्या त्सिओलकोव्हस्कीने १९०३ मध्ये मांडलं ते. मिथेनचं इंजिन धरलं तर वेग सेकंदाला साधारण अडीच किलोमीटरने वाढवायचा म्हणजे सुरुवातीचं वजन दुप्पट लागतं. आणखी अडीच हवा, परत दुप्पट. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत पोचायला हवेचा अडथळा वगैरे धरून ९.४ च्या आसपास वेग लागतो, म्हणजे साडेतीन-पावणेचार वेळा दुप्पट, बारा-तेरा पट झालं. आता गंमत बघा, त्या कक्षेतून निघून चंद्रावर उतरायचं आणि परत चंद्राच्या कक्षेत वर यायचं याला अजून ९ च्या आसपास लागतो. जवळपास तेवढाच! म्हणजे परत अकरा-साडेअकरा पट. एकाच दमात करायचं तर दोघांचा गुणाकार, दीडशेच्या घरात, आणि यात टाक्यांचं इंजिनांचं वजन अजून धरलेलंच नाही.

मध्ये टाकी भरली की चक्रवाढ तिथे थांबते आणि नव्याने सुरू होते. यान पृथ्वीवरून वर चढलं, दम संपला, तिथे भरलं, परत ताजंतवानं.

बाय द वे, हा वाद अपोलोच्या, म्हणजे त्याच अमेरिकन चांद्रमोहिमेच्या वेळीही झाला होता. सॅटर्न-५ बनवणारा फॉन ब्राउन आणि त्याची मंडळी आधी पृथ्वीच्या कक्षेत जोडणी आणि इंधन भरणी याच बाजूची होती. जॉन हौबोल्ट नावाच्या इंजिनीअरने चंद्राच्या कक्षेत छोटं यान सुटं करायची कल्पना लावून धरली आणि १९६२ मध्ये नासाने ती घेतली. घाई होती, ती वाट जवळची होती.

---

सतत_शंका | २४ ऑगस्ट, सकाळी १०:३०

एक मिनिट. ते टँकर पण पृथ्वीवरूनच उडणार ना? मग प्रत्येक टँकरला तेच बारा-तेरा पट लागणार. एकूण इंधन बघितलं तर वाचलं कुठे? गुणाकार तोच राहिला, फक्त हप्ते पाडले.

---

खगोल_दादर | २४ ऑगस्ट, सकाळी १०:४५

बरोबर बोललात, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. एकूण इंधन वाचत नाही. थोडं जास्तच लागतं, कारण काही वाफ होऊन जातं, काही त्या धक्क्यात जातं.

वाचतो तो रॉकेटचा आकार. दीडशे पट एका दमात उचलणारं रॉकेट कोणालाच बांधता येणार नाही, पण हप्त्याने उचलणारं येतं. आणि तेच रॉकेट परत उतरवून परत उडवता आलं तर मग हप्ते परवडतात, कारण खर्चात इंधनाचा वाटा किरकोळ असतो, महाग असतं ते फेकून दिलेलं यंत्र. परत वापरता आलं नाही तर तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा, मग हा धंदा आतबट्ट्याचा.

स्टारशिपची टाकी १,२०० टनांच्या आसपास आहे. एका चांद्रवारीला किती टँकर लागतील याचे आठपासून अठरा-एकोणीसपर्यंत वेगवेगळे आकडे खुद्द त्या कामातल्या लोकांनीच दिलेत. एवढा फरक का, तर मुख्य कारण वाफ. पहिला टँकर आणि शेवटचा टँकर यांत किती दिवस जातात त्यावर सगळं.

---

धक्क्यावरचा | २४ ऑगस्ट, दुपारी २:१५

मी तीस वर्षं जहाजावर इंजिनात काढली, चीफ इंजिनीअर म्हणून रिटायर झालो, आता माझगावला असतो. अवकाशातलं मला काही कळत नाही पण एका टाकीतून दुसऱ्या टाकीत तेल घेणं हे मी शेकडो वेळा केलंय, मुंबईच्या अँकरेजलाही केलंय, म्हणून लिहितो.

बंकर म्हणजे जहाजाचं इंधन घेताना तेलाचा बार्ज बाजूला लागतो, नळी येते, फ्लँज बोल्टने आवळायचा, प्रेशर बघायचं, हळू सुरू करायचं, मग वेग वाढवायचा, टाकी भरत आली की परत हळू. पण खरं भांडण होतं ते किती दिलं आणि किती घेतलं यावर. आम्ही साउंडिंग घेतो, म्हणजे टेप टाकीत सोडायची, कुठपर्यंत ओली झाली बघायची, मग जहाज पुढे-मागे किती झुकलंय, बाजूला किती कललंय त्याचं करेक्शन लावून टेबलवरून आकडा काढायचा. एकदा एका परदेशी बंदरात बार्जवाल्याने तेलात हवा फुंकली होती, याला आम्ही लोक कॅपुचिनो म्हणतो, फेस आलेला. टेपवर टाकी भरलेली दिसली, सकाळी फेस बसल्यावर बरेच टन कमी. तेव्हापासून मी टेप बाहेर आली की आधी तिच्यावरचे बुडबुडे बघायचो.

माझा प्रश्न असा की वर खाली-वरच नसेल तर साउंडिंग घेणार कसं? पातळीच नाही. सगळी टाकीच कॅपुचिनो. मग यानात किती भरलं हे कळतं कसं?

---

खगोल_दादर | २४ ऑगस्ट, दुपारी ३:४०

काका, हा प्रश्न इंजिनीअर लोकांना आजही छळतो.

उपग्रहांत दोन पद्धती. एक वहीखाते. निघताना किती होतं लिहून ठेवायचं, थ्रस्टर किती सेकंद चालला त्यावरून किती गेलं ते वजा करत जायचं. वर्षानुवर्षं छोट्या चुका साठतात आणि नेमकं शेवटी, जेव्हा खरा आकडा हवा असतो, तेव्हा तो सगळ्यात कमी भरवशाचा असतो. दुसरी, टाकीतल्या वायूचं प्रेशर आणि तापमान बघून वायूने किती जागा व्यापलीय ते काढायचं, उरलेली जागा द्रवाची.

गार इंधनासाठी नासाने रेडिओ लहरींची पद्धत काढलीय. धातूची टाकी म्हणजे एक प्रकारचा घुमट, त्यात रेडिओ लहरी सोडल्या की ठरावीक सूर घुमतात. आत द्रव किती आहे त्यावर ते सूर बदलतात, मग द्रव कुठेही चिकटलेलं असो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओडिसियस नावाचं खाजगी यान चंद्रावर उतरलं, द्रव मिथेन-ऑक्सिजनवर चालणारं, त्याच्या टाक्यांत हे मापक होतं.

---

विक्रोळी_वेल्डिंग | २४ ऑगस्ट, रात्री ९:२०

क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवांच्या टाक्यांच्या फॅब्रिकेशनमध्ये आहे, १८ वर्षं. त्या वाफेबद्दल सांगतो कारण माझं रोजचं काम तेच.

हॉस्पिटलच्या आवारात पांढरी उभी टाकी असते बघा, द्रव ऑक्सिजनची. ती दोन टाक्यांची असते, आत स्टेनलेस स्टीलची, बाहेर साधी, मधली हवा काढलेली आणि उष्णता अडवायला परलाइटची पूड भरलेली. एवढं करूनही उष्णता आत शिरतेच, आतलं द्रव थोडं थोडं उकळतं, प्रेशर वाढतं, एका मर्यादेला सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो आणि तो पांढरा धूर दिसतो. लोक घाबरून फोन करतात की गळती झाली. गळती नाही, टाकी श्वास सोडतेय.

२०२१ आठवा. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले होते, पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस. मी तेव्हा रात्रंदिवस टाक्यांच्या दुरुस्तीवर होतो, माझे स्वतःचे मामा एका हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होते आणि तिथे टाकी होती पण भरायला टँकर नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजलं की ऑक्सिजन बनवणं ही एक गोष्ट आणि गार ठेवून, हलवून, दुसऱ्या टाकीत घालणं ही त्याहून मोठी. गाडी जोरात पळवायची नाही, झटका द्यायचा नाही, मध्ये मध्ये प्रेशर बघायचं. आणि गरम टाकीत थेट ओतायचं नाही! आधी थोडं सोडायचं, ते उकळून टाकी आणि नळी गार करतं, ती वाफ बाहेर जाऊ द्यायची, मग भरायचं. हे कूलडाउन नाही केलं तर निम्मं द्रव वाफ होतं आणि टाकी फुगते.

अवकाशात हेच करायचं पण व्हॉल्व्ह उघडला की बाहेर वाफच जाईल याची खात्री नाही, द्रवही जाऊ शकतं, कारण फुगा कुठे आहे माहीत नाही. हे मला सगळ्यात अवघड वाटतं.

एक फायदा तिकडे आहे, व्हॅक्यूम फुकट. उष्णता फक्त किरणांनी येते, सूर्याची आणि पृथ्वीची. म्हणून चंदेरी फॉइलचे थर लावतात, यानाचं तोंड असं वळवतात की ऊन कमीत कमी अंगावर पडेल. तरी हायड्रोजन टिकवणं महाकठीण, त्याला फ्रीज लावावाच लागतो. मे २०२३ मध्ये नासाने ज्या दुसऱ्या कंपनीला चांद्रयानाचं काम दिलं त्या ब्लू ओरिजिनचं यान हायड्रोजनवर आहे, आणि ते चंद्राजवळ भरायचंय. त्या फ्रीजचं काम कसं होतं याकडे माझं लक्ष आहे.

---

पहाटेची_लोकल | २४ ऑगस्ट, रात्री १०:१०

विक्रोळी दादा, मामांचं वाचून गलबलून आलं. कसे आहेत ते आता?

---

विक्रोळी_वेल्डिंग | २४ ऑगस्ट, रात्री १०:१४

ठणठणीत आहेत ताई. गणपतीला गावी गेलेत, पेणच्या पुढे सीएनजीच्या रांगेत दोन तास होते म्हणाले.

आणि फ्रीज बंद पडल्यावर काय होतं त्याचं उदाहरण पण आहे. डिसेंबर २०१८ ला नासाने स्थानकावर ४२ लिटर द्रव मिथेन नेलं होतं, दुसऱ्या टाकीत घालायचा प्रयोग करायला. चार महिने एक थेंब न उडता टिकवलं, मोठी गोष्ट होती ती. मग एप्रिलमध्ये क्रायोकूलर, म्हणजे तो फ्रीज, बिघडला, टाकी तापायला लागली आणि सगळं मिथेन बाहेर सोडून द्यावं लागलं. ओतायचा प्रयोग राहिलाच. ४२ लिटर! आणि इथे गोष्ट १,२०० टनांची चाललीय.

---

कल्याण_सेमीफास्ट | २५ ऑगस्ट, सकाळी ७:३५

गाडीत बसून वाचतोय, मस्त धागा. आपल्या इस्रोचं काय? दोन उपग्रह अवकाशात जोडायचं ते स्पेडेक्स झालं ना? मग पुढची पायरी इंधन का?

---

खगोल_दादर | २५ ऑगस्ट, सकाळी ११:००

यावर मला भरभरून बोलायचंय.

३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० रॉकेटने सुमारे २२० किलोचे दोन जुळे उपग्रह सोडले. जोडणी आधी ७ जानेवारीला ठरली होती, पुढे ढकलली, परत ढकलली, आणि १६ जानेवारीला झाली. अमेरिका, रशिया, चीन आणि मग आपण. मार्चमध्ये सुटे केले, एप्रिलमध्ये परत जोडले आणि एकातून दुसऱ्याला वीज दिली. त्या पुढे ढकलण्यावर तेव्हा लोकांनी किती तोंडसुख घेतलं, मला फार वाईट वाटलं होतं. सेकंदाला साडेसात किलोमीटरने धावणाऱ्या दोन वस्तू मुंगीच्या पावलाने एकमेकींजवळ आणायच्यात, जराशी शंका आली तर थांबणं हेच शहाणपण.

तर वीज दिली, इंधन नाही. पण नळी जोडायच्या आधी यानं जोडता यायला हवीत.

चांद्रयान-४ मध्ये आपण इंधन भरत नाही, वेगळी वाट आहे. पाच भाग, दोन एलव्हीएम-३ रॉकेटांवर, पृथ्वीच्या कक्षेत जोडायचे आणि चंद्रावरची माती घेऊन यायची. सप्टेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाने २,१०४ कोटी मंजूर केलेत. सोपं करून सांगायचं तर पाइप गॅस आणि सिलिंडर. टाकी भरत बसायचं नाही, भरलेला सिलिंडरच आणून जोडायचा. आपल्या आजच्या ताकदीला हे जास्त जमणारं आहे. पण २०४० ला माणूस चंद्रावर उतरवायचं म्हणतोय आपण, तेव्हा सिलिंडरवर भागेल असं मला वाटत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की इस्रोने आत्तापासून छोटी टँकर मोहीम आखावी, तीही गार इंधनाची नको, साध्याच इंधनाची. कारण त्याचा उपयोग चंद्राआधी आपल्या दळणवळण उपग्रहांना आहे. ३६,००० किलोमीटरवरचा उपग्रह बारा-पंधरा वर्षांनी बंद करतात तेव्हा बऱ्याचदा त्याचं सगळं सामान ठीक असतं, फक्त जागेवर राहायचं इंधन संपत आलेलं असतं. शेवटच्या घोटावर त्याला तीनेकशे किलोमीटर वर नेऊन सोडून देतात. जिवंत माणूस स्मशानात नेऊन ठेवावा तसं वाटतं मला ते.

आणि मंगळयान! निघताना १,३३७ किलो, त्यातलं साडेआठशेच्या वर इंधन. सहा महिन्यांसाठी गेलं होतं, आठ वर्षं टिकलं.

---

सतत_शंका | २५ ऑगस्ट, दुपारी १:२०

उपग्रहांचा मुद्दा पटला. पण त्या उपग्रहांना झाकण तरी असतं का उघडायला? ज्यांनी बनवले त्यांनी परत कोणी भरायला येईल असा विचारच केला नसणार.

---

विक्रोळी_वेल्डिंग | २५ ऑगस्ट, दुपारी २:०५

नसतोच केलेला. जमिनीवर भरलं की व्हॉल्व्हला टोपी, टोपीला तारेचं सील, वर फॉइल. २०११ मध्ये स्पेस शटलच्या शेवटच्या फेरीतून नासाने स्थानकावर एक पेटी पाठवली होती, नुसती हे उघडायची सराव-पेटी. रोबोटच्या हाताने तार कापा, टोपी काढा, नळी लावा. म्हणूनच २०२० ला एका कंपनीने वेगळा मार्ग काढला, इंटेलसॅट-९०१ उपग्रहाला जाऊन त्यांचं यान पाठीमागून चिकटलं आणि आपल्याच इंजिनाने त्याला जागेवर धरून ठेवलं. झाकण उघडायचीच गरज नाही, गाडी टो करतात तसं.

नवीन उपग्रहांना पहिल्यापासूनच नोझल ठेवायला हवं. आणि सगळ्यांचं एका मापाचं. रिक्षा कुठल्याही कंपनीची असो, सीएनजीचं नोझल बसतंच ना. माझ्या धंद्यात सांगतो, हॉस्पिटलच्या टाकीचं आणि टँकरचं कपलिंग जुळलं नाही म्हणून अडॅप्टर शोधत पहाटेपर्यंत फिरलोय मी.

---

धक्क्यावरचा | २५ ऑगस्ट, रात्री ८:३०

कपलिंगचं अगदी खरं. आपल्या नौदलाचे टँकर, आयएनएस दीपक वगैरे, भर समुद्रात चालत्या युद्धनौकांना तेल देतात. दोन जहाजं शेजारी शेजारी, एकाच वेगाने, मध्ये तारेवर लटकलेली नळी. मी मर्चंट नेव्हीतला, पण ते लांबून बघितलंय आणि अंगावर काटा आलाय. दुसऱ्या देशाच्या जहाजांशी सराव होतो तेव्हाही नळी बसते कारण मापं आधी ठरवून घेतलेली असतात. युद्ध नसताना बसून ठरवलेली.

आणि त्यात पण नियम असा की जमत नसेल तर लगेच सुटायचं. इमर्जन्सी ब्रेकअवे. वर पण असेलच काहीतरी, असायलाच हवं.

---

कल्याण_सेमीफास्ट | २७ ऑगस्ट, सकाळी ६:२०

गणपती बाप्पा मोरया! आमच्याकडे मखराचं काम रात्रभर चाललं होतं त्यामुळे जागाच होतो, पहाटे पाचला स्टारशिपचं दहावं उड्डाण लाइव्ह बघितलं. या वर्षी आधीची तिन्ही उड्डाणं फसली होती, जूनमध्ये तर एक यान स्टँडवरच फुटलं. आज नकली उपग्रह सोडले, अवकाशात इंजिन परत पेटवलं, समुद्रात उतरवलं. घरातले सगळे आरास सोडून मोबाइलभोवती. टँकर वगैरे अजून लांब आहे पण बरं वाटलं.

---

पहाटेची_लोकल | ३० ऑगस्ट, सायंकाळी ५:५०

मोरया! आमचा दीड दिवसाचा असतो, विसर्जन झालं, आणि आज लेकीने ठरवलंच होतं.

पहिल्या पोस्टमधला प्रश्न तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. खगोल दादांनी लिहिलेलं, यान आणि द्रव दोघंही सारखेच पडतात, हे वाचून ती म्हणाली मग बाटली वरून सोडली तर पडेपर्यंत तिच्यातही तेच होणार. २०० मिलिची छोटी प्लास्टिक बाटली, अर्धी पाण्याने भरली, पाण्यात निळी शाई. पुठ्ठ्याच्या खोक्यात एका बाजूला बाटली चिकटवली, दुसऱ्या बाजूला माझा जुना मोबाइल स्लो मोशनवर, मध्ये छोटी टॉर्च. खाली कंपाउंडमध्ये दोन गाद्या, बाजूला कोणी येऊ नये म्हणून तिचे बाबा उभे. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खोकं सोडलं.

पाऊण सेकंदाच्या थोडं वर मिळतो वेळ. स्लो मोशनमध्ये दोनशेच्या आसपास फ्रेम.

आणि दिसलं! सोडायच्या आधी पाण्याची पातळी सरळ आडवी रेघ. हात सुटल्यावर काही फ्रेम काहीच नाही, मग कडेचं पाणी प्लास्टिकवरून हळूहळू वर सरकायला लागलं आणि मधली पातळी खाली गेली, वाटीसारखी. शेवटच्या फ्रेमपर्यंत वाटी बरीच खोल झाली होती, अजून वेळ मिळाला असता तर मध्ये फुगाच झाला असता असं ती म्हणते. मग गादी आली आणि सगळं फेसाळलं.

तिसऱ्यांदा टाकताना तिने खोक्याला वरून एक हलकी दोरी लावली आणि ती किंचित ओढत धरली, म्हणजे खोकं जरा हळू पडेल. यावेळी वाटी फार थोडी झाली, पाणी तळाशीच राहिलं. तो तिचा थ्रस्टर. मला तिथे रडूच आलं, खरं सांगते. केमिस्ट्री शिकले पण पाण्याला असं कधी बघितलं नव्हतं.

---

विक्रोळी_वेल्डिंग | ३० ऑगस्ट, सायंकाळी ६:३०

ताई तिला माझा सलाम सांगा. दोरीचा विचार मला सुचला नसता. पाण्यात एक थेंब भांड्याचा साबण टाकून बघायला सांगा, प्लास्टिकला पाणी जास्त चिकटेल, कडा अजून वर चढतील का बघू. आणि व्हिडिओ चढवा इथे.

---

खगोल_दादर | ३० ऑगस्ट, रात्री ८:१०

नासाकडे या कामासाठी उंच मनोरे आहेत, क्लीव्हलँडला जमिनीखाली खोल निर्वात विहीर आहे, वस्तू सोडली की १३२ मीटर पडते आणि पाच सेकंद मिळतात. तत्त्व तुमच्या गॅलरीचंच.

---

धक्क्यावरचा | ३० ऑगस्ट, रात्री ९:००

बाटली अर्धी होती म्हणालात. पाव भरली तर काय होतं? आणि पाऊण भरली तर? साउंडिंगवाल्याला ते आधी बघायचं असतं, टाकी कमी भरलेली असते तेव्हाच जास्त हलते.

---

पहाटेची_लोकल | ३० ऑगस्ट, रात्री ९:१२

हे तिला वाचून दाखवलं, ती लगेच बाटली रिकामी करायला गेली. उद्या सकाळी पाव भरून टाकते म्हणाली, मग पाऊण, साबण शेवटी. गाद्या अजून खालीच जिन्याखाली ठेवल्यात.